रडकीची पोथी

त्या कादंबरीतली बाई मला कधीच आवडली नाही. आता हे सांगायला काही बिघडत नाही, पण एके काळी कोळवणच्या आमच्या पडवीत हे वाक्य बोलायची माझी छाती नव्हती. तिथं त्या बाईला हळदकुंकू वाहिलं जायचं.

परवा एका साप्ताहिकात जुन्या आवडत्या पुस्तकांवर वाचकांची मतं छापून आली होती. त्यात ही कादंबरी होतीच. कुणी लिहिलं होतं, वाचताना डोळ्यांतलं पाणी खळेना. कुणी लिहिलं होतं, घरासाठी तिळतिळ जळणारी स्त्री कशी असते ते या पुस्तकानं शिकवलं. मी अंक मिटला आणि स्वतःशीच म्हटलं, मेल्यांनो, खुर्चीत बसून दुसऱ्याच्या जळण्यावर हात शेकायला तुमचं काय जातंय! या पुस्तकावरची खरी मतं मी ऐकलेली आहेत. ती देणाऱ्या बायकांना अक्षरओळखसुद्धा नव्हती, आणि त्यांच्या मतांवर माझं सगळं आयुष्य टांगलेलं होतं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. लग्नाला दोन वर्षं पुरी व्हायच्या आत नवरा विषमज्वरानं गेला. मूल नव्हतं. एकुलता एक लेक गेल्यावर घरात राहिलो आम्ही तिघं: सासरे, सासू आणि मी. मी सातवी पास होते. माझ्या भावाची पुण्यात नोकरी होती, त्यानं चौकशी करून ठेवलेली. मास्तरणींच्या ट्रेनिंग कॉलेजात सातवी पास विधवांना घेत होते, राहायची सोय होती, वर थोडं विद्यावेतनही होतं. जूनमध्ये दाखल व्हायचं, नाहीतर पुढच्या वर्षी वय आणि जागा दोन्हींचा भरवसा नाही. चैत्रात भाऊ येऊन सासऱ्यांशी बोलला. सासऱ्यांनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "आत्याबाईला इचार."

आत्याबाई म्हणजे माझी सासू. त्या ‘नाही’ म्हणाल्या असत्या तर मी भांडले तरी असते. पण आत्याबाई म्हणाल्या, "बगू." आमच्या घरात ‘बगू’ म्हणून ठेवलेली कामं माणसं मेली तरी व्हायची नाहीत.

त्या मला छळत होत्या असं कुणी समजू नये. छळलं असतं तर निघून जाणं सोपं होतं. माझ्या भातावर त्या स्वतःच्या भातापेक्षा जास्त तूप घालायच्या. मला ताप आला तर उशाशी बसून राहायच्या. फक्त नजरेआड होऊ द्यायच्या नाहीत. नदीवर धुणं घेऊन निघाले की मागून कुणीतरी यायचंच. लग्नाकार्यात मी पुढं यायचं नाही, कुणाच्या डोहाळजेवणाला जायचं नाही, दारात उभं राहायचं नाही. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, कुणी दार लावत नव्हतं. दावणीच्या गुरांनाही वैरण चांगलीच घालतात हो, पण दावं ते दावंच. मला त्या घरात श्वास पुरत नव्हता.

त्यात ही कादंबरी आली. शाळेच्या मास्तरांची बायको पुण्याची, तिला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. तिनं ती आणून दिली. "वाचा हो, मोकळं वाटेल तुम्हाला. मी चारदा वाचलीये, चारही वेळा उशी भिजली." उशी भिजणं हे ती बाई प्रशस्तिपत्रासारखं सांगायची.

दुपारी पडवीत तांदळाच्या पापड्या लाटणं चाललेलं. मी कोपऱ्यात वाचत बसले तर आत्याबाईंनी विचारलं, "काय हाय त्यात?"

मी म्हटलं, "एका बाईची गोष्ट हाय. नवरा पुरात बुडून मरतो तिचा."

लाटणी थांबली. "मंग मोठ्यानं वाच की."

मी वाचायला लागणार, तेवढ्यात आत्याबाई उठल्या, माजघरातून पाट आणला, पुस्तक माझ्या हातातून घेऊन पाटावर ठेवलं आणि त्याला हळदकुंकू लावलं. मला हसू आलं. "आत्याबाई, ही पोथी न्हाई, कादंबरी हाय."

"जाड पुस्तक हाय, बाईनं सोसल्यालं त्यात लिवलंय, मंग पोथीच की ती." विषय संपला. आमच्या गावात मोठ्यानं वाचून ऐकायचं पुस्तक एकच माहीत, ते म्हणजे पोथी. ते श्रावणात गुरव वाचायचे. दुसरंही काही वाचतात हे कुणाच्या गावीही नव्हतं.

माझी चुलत सासू, तिला मी काकी म्हणायची, ती फटकळ. ती म्हणाली, "आवो आक्का, रांडाव बाईनं पोथी वाचल्याली चालती व्हय?"

आत्याबाई तिच्यावर उखडल्या. "तिला वाचाया येतंय. तुला येतंय का? न्हाई ना? मंग गप ऱ्हा."

त्या क्षणी मला आत्याबाईंचा फार अभिमान वाटला होता. पुढं ही पोथी माझ्या गळ्यात पडणार हे कुठं ठाऊक होतं!

पुस्तकातल्या बाईचं नाव लांबलचक होतं. काकीच्या तोंडात ते बसेना, म्हणून तिनं तिचं नाव ठेवलं ‘रडकी’. रडकी विधवा झाल्यावर सासरीच राहते. मोठी बाग, झोपाळा, सतार. एक डॉक्टर तिच्यावर जीव टाकतो, ती त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. आजारी सासूची सेवा करते आणि उरलेल्या वेळात नवऱ्याच्या तसबिरीशी बोलते. भाषा अशी की विचारू नका. मी वाचलं, "विरहाग्नीत ती अहोरात्र होरपळत होती," तर काकी दचकून म्हणाली, "आग कुटं लागली? गोठ्यात?"

"न्हाई वो काकी, मनात."

"हात् तिच्या! म्या म्हनलं भाताची रास जळाली."

तेव्हापासून मी वाक्य आधी डोळ्यांनी वाचायची आणि मग आमच्या बोलीत सांगायची. बायकांना रस यायला लागला. पुढच्या आळीतल्याही यायला लागल्या. आणि काय एकेकीची मतं! काकीचं पहिलं मत: "ही बया जेवती कवा? किती दिस झालं ऐकतुया, रडतीया न्हाईतर सतार वाजीवतीया." दुसरं मत: "त्यांचं शेत कोन बगतंय? लावनीला बाया कुटनं आनत्यात? त्ये काय लिवलं न्हाई, लिवनारा कदी शेतात गेल्याला न्हाई वाटतं." मास्तरीणबाई पदर नाकाला लावून बसलेली असायची. ती कळवळून म्हणायची, "अहो, यात त्यागाकडे बघायचं असतं, जेवणाकडे नाही." काकी म्हणायची, "तेच म्हनतीया मी. उपाशी मानसानं कसला त्याग करायचा? चक्कर यील की."

डॉक्टर आला आणि पडवीत दोन तट पडले. काकीला तो पसंत पडला. "मानूस निर्मळ हाय, दवाखाना हाय, मोटार हाय. जा की बाई त्याच्यासंगं. पाट लाव आनि मोकळी हो." पाट लावणं म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. काही घराण्यांत ते चालायचं, आमच्यात नाही.

आत्याबाईंचं लाटणं हातातच राहिलं. "आपल्या घरान्यात पाट लागत न्हाई."

"आपल्या न्हाई वो आक्का, पुस्तकातल्या."

"पुस्तकातल्याबी न्हाई!" आत्याबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, मऊ आवाजात, "अशी सून मिळाया पुन्य लागतं. कुटं जायाचं नाव न्हाई काडत. वाच पोरी."

मी वाचलं. दुसरं काय करणार? रोज दुपारी माझ्याच तोंडानं मी त्या बाईचे गुण गायची, आणि ते गुण संध्याकाळपर्यंत माझ्यावर मोजले जायचे. रडकी पहाटे उठून सासूचे पाय चेपते. रडकी माहेरी जात नाही. रडकीनं पुण्याचं नाव कधी काढलं नाही. मला त्या बाईचा असा संताप यायचा की वाटायचं पुस्तकात हात घालून तिला झिंज्या धरून बाहेर ओढावी आणि सांगावं, बाई गं, तुझ्यापायी मी मरतेय इथं.

वैशाखात भाऊ पुन्हा आला. आता ठरवायला हवं, म्हणाला. आत्याबाईंनी त्याला सरबत दिलं आणि शांतपणे सांगितलं, "पोथी लावल्याली हाय घरात. अर्धी टाकून कशी जाईल ती? घराला बाधा हुती. पुरी हुंदे, मंग बगू."

माझा भाऊ शिकलेला, कचेरीत नोकरी करणारा, आणि त्यानं मान डोलावली! वर मला म्हणाला, "ठीक आहे ना, संपव पटकन." मी त्याला जाताना दारात गाठून म्हटलं, "कादंबरी आहे रे ती, कादंबरी!" तर म्हणतो, "त्यांची श्रद्धा आहे, दुखवू नये." दुसऱ्याच्या पायातली बेडी बघून श्रद्धेवर बोलणं सोपं असतं.

मग मी पुस्तक संपवायच्या मागे लागले आणि आत्याबाई ते लांबवायच्या. हे त्यांनी कधी कबूल केलं नाही, पण मी काय दूधखुळी होते? रोज आधी कालचं परत सांगायचं. कुणी नवी बाई आली की तिच्यासाठी अगदी पहिल्यापासून, नवरा पुरात बुडतो तिथून. जरा वाचून झालं की, "पुरं आता, घसा दुखंल तुजा." माझ्या घशाची एवढी काळजी! त्या माणसाला मी किती वेळा बुडवला असेल याची गणती नाही.

शेवटी मी पानं गाळायला लागले. चांदण्यातला तसबिरीशी संवाद भला मोठा होता. तो सगळा मी "मग सकाळ झाली" एवढ्यात उरकला. तर मास्तरीणबाई ताडकन म्हणाली, "अहो, ते चांदण्यातलं राहिलं! तेच तर सगळ्यात सुंदर आहे!" तिला पाठ होतं सगळं. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "पोथीतलं गाळू नये, पोरी. माघारी जा." मी माघारी गेले. तो चांदण्यातला संवाद मी अशा काही दातओठ खाऊन वाचला की काकी म्हणाली, "नवऱ्यासंगं भांडतीया का काय ही?"

असं करत करत ज्येष्ठ लागला. भाताची रोपं टाकायची घाई सुरू झाली. कॉलेज उघडायला थोडेच दिवस राहिले आणि पुस्तकातही थोडीच पानं राहिली. आता लांबवायला जागाच नव्हती. समाप्तीच्या दिवशी आत्याबाईंनी शेवयांची खीर केली, पडवी सारवून घेतली, नारळ ठेवला. सगळ्या बायका हातातली कामं टाकून आल्या. मास्तरीणबाई दोन रुमाल घेऊन आली होती.

शेवटी रडकीला क्षय होतो. ती अंथरुणावर आहे, सासू उशाशी बसलेली आहे, बाहेर प्राजक्त पडतोय. पडवीत हुंदके सुरू झाले. आत्याबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती, पुसतसुद्धा नव्हत्या. रडकी सासूचा हात धरते आणि म्हणते... मी वाचलं, "आई, आता मला निरोप द्या."

मास्तरीणबाईनं मोठ्यानं हुंदका दिला. बाकी कुणी रडेना. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आमच्याकडे निरोप म्हणजे सांगावा, म्हणजे अमक्याला जाऊन तमकं सांग. काकी म्हणाली, "कसला निरोप? कुनाला सांगायचाय?"

"माहेरी धाडायचा आसंल," दुसरी कुणी म्हणाली.

"पर ती हातरुनातनं उठंना, सासू तिच्याकडं कशाला देतीया? दुसऱ्या कुनाला धाडावं."

आत्याबाईंनी नाक ओढलं आणि मला विचारलं, "पोरी, काय मागतीया ती? नीट सांग."

मी सांगितलं, "निरोप द्या म्हंजी... मला जाऊ द्या, म्हनती."

"कुटं?"

‘देवाघरी’ हा शब्द माझ्या जिभेवर होता, देवाशप्पथ होता. पण त्याऐवजी तोंडातून बाहेर पडलं, "पुन्याला."

मास्तरीणबाईचा रुमाल नाकाशीच राहिला. पुस्तकात पुणं कुठंच नव्हतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत! पण ती बोलली नाही, हे मी तिचे उपकार मानते.

आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या. मी पुस्तकाकडे बघत होते, अक्षरं काही दिसत नव्हती. त्या म्हणाल्या, "मंग? दिलं का जाऊ तिच्या सासूनं?"

आता खरं वाचावं की खोटं? खोटं वाचणं सोपं होतं. सासूनं आनंदानं पाठवलं, रडकी बरी झाली, शाळेत शिकवायला लागली, असं सांगितलं असतं तर कोण विचारणार होतं! पण मला त्या रडकीचा इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कळवळा आला. तिची निदान ही एक गोष्ट तरी खरी सांगावी असं वाटलं. मी म्हटलं, "न्हाई. सासू नुसती रडली. तिचा हात सोडला न्हाई. आनि ती मेली."

"न जाताच?"

"न जाताच."

आत्याबाई उठल्या. पोथी चालू असताना मधनं उठायचं नसतं, ही त्यांचीच शिकवण. त्या उंबऱ्यापर्यंत गेल्या, तिथं जरा थांबल्या, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मंग ती सासू लई वाईट व्हती."

त्या कादंबरीवर मी आजवर पुष्कळ मतं वाचली, पण इतकं महागात पडलेलं मत दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

बायकांनी गुपचूप खीर खाल्ली आणि एकेक करून गेल्या. त्या दिवशी आत्याबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर त्यांनी सासऱ्यांना सांगितलं, "बैलं जुपा. पोरीला पौडला एस्टीवर सोडायची हाय." सासरे ‘का’ म्हणाले नाहीत, त्यांनी बैलं जुंपली. त्या घरात निघणं एवढं सोपं होतं, हे बघून मला धक्काच बसला.

आत्याबाई गाडीतून बरोबर आल्या. पौडला कचेरीसमोर एस्टी उभी होती. माझी पत्र्याची ट्रंक टपावर चढली. मी पाया पडायला वाकले तेव्हा त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले, इतके घट्ट की दुखलं.

"ऐक," त्या म्हणाल्या. "आता गेलीस ना, मंग पुन्यांदा माज्या उंबऱ्यात यिऊ नगंस. दिवाळीला न्हाई, जत्रंला न्हाई, मी आजारी पडली तरी न्हाई."

मला वाटलं, शिक्षा करतायत. मी म्हटलं, "आत्याबाई, आवो आसं काय बोलताय! मी काय तुमाला टाकून..."

"राग न्हाई गं माजा. तू आत आलीस तर मी तुला परत जाऊ द्यायची न्हाई. या येळंला जमलं. पुन्यांदा जमंल आसं न्हाई. माजा मला भरवसा न्हाई, पोरी."

त्यांनी खांदे सोडले आणि मागं न बघता गाडीत जाऊन बसल्या.

मी ऐकलं त्यांचं. ट्रेनिंग झालं, शाळा मिळाली, आणि वर्षानुवर्षं मी कोळवणची वाट चालले नाही. कितीदा मनात आलं, जावं, बघून यावं, काय बांधून ठेवणार आहेत का आता! रागही यायचा. असली कसली माया, जी माणसाला दारात उभं करत नाही! भाऊ जाऊन यायचा आणि सांगायचा, आहेत बऱ्या. त्याच्याबरोबर आत्याबाईंनी धाडलेली तांदळाची पिशवी यायची, ती मी घेऊन ठेवायची आणि खोलीत जाऊन रडायची.

त्या गेल्याचं कळलं तेव्हा मात्र मी गेले. पोचेपर्यंत मातीला नेलं होतं. पडवीत बायका बसल्या होत्या. मी अंगणातून वर आले आणि उंबऱ्याशी थांबले. आतून काकीनं पाहिलं. म्हातारी झाली होती, पण आवाज तोच होता.

"ये की आत," ती म्हणाली. "आता कोन अडिवतंय तुला?"

माझा पाय उचलेना. त्या घरातून बाहेर पडण्यासाठी मी एवढा आटापिटा केला होता, आणि आता मला तिथं धरून ठेवणारं कुणीच उरलं नव्हतं. मी उंबऱ्याबाहेरच खाली बसले आणि मोठ्यानं रडले.